हेलक्याची चाल

विक्रांतने पाठवलेला लेख शालिनीने सकाळी पोहे खाता खाता उघडला, आणि तो वाचून होईपर्यंत पोहे गार झाले होते.

लेख इंग्रजीत होता, पुण्यातल्या कुणा तरुणाने लिहिलेला, लांबलचक, शेवटी संदर्भ दिलेला. ‘आडरान’ नावाच्या व्हिडिओ गेममधल्या हेलक्या या प्राण्याची कल्पना कोणत्या साहित्यातून आली असावी, एवढाच त्याचा विषय. गेम विक्रांतच्या कंपनीचा आणि हेलक्या विक्रांतचा. त्यानेच तो लिहिला होता, त्यानेच काढला होता, आणि दिवाळीत गेम बाहेर आल्यापासून कुठल्या कुठल्या गावांतली मुलं त्याला घाबरत होती. तिला लिंक पाठवताना विक्रांतने खाली लिहिलं होतं, ‘आई, बघ, तुझ्या मुलावर थीसिस निघाला.’

गेममध्ये खेळणाऱ्याला तिन्हीसांजेला एक रान ओलांडायचं असतं. त्यात दातांचे, नखांचे प्राणी बरेच आहेत. हेलक्या मात्र अंगावर येत नाही. तो समोरून वाटेने चालत येतो, हेलकावे खात, आणि बाजूने निघून जातो. त्याच्याकडे जास्त वेळ बघत राहिलं की वाट हरवते.

लेखकाने चार-पाच शक्यता मांडल्या होत्या. वाट चुकवणारा चकवा, जो महाराष्ट्रात आणि माळव्यातही सांगितला जातो. कोकणातल्या पाण्याकाठच्या भुतांच्या कहाण्या. खांद्यावरून बोलणाऱ्या प्रेताच्या जुन्या गोष्टी. युरोपातल्या चर्चच्या भिंतींवर रंगवलेले नाचणारे सांगाडे. प्रत्येक शक्यतेशेजारी त्याने चित्र लावलं होतं आणि हेलक्याचं चित्र त्याला जोडून दाखवलं होतं. शेवटी लिहिलं होतं की अशी चाल कुणी बसून रचू शकत नाही. ती नक्की कुठेतरी वाचलेली असणार.

शालिनीने आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. दिसायला सारखं आणि मुळात सारखं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना वटवाघळाचा आणि फुलपाखराचा पंख काढून समजावायची. हा पुण्याचा मुलगा पंखाशेजारी पंख ठेवत होता, असं तिला वाटलं. हाडं कुणी बघितलीच नव्हती.

मग तिने लेखातला व्हिडिओ लावला. ती गेम खेळत नसे. हेलक्याचं चित्र तिने पाहिलं होतं, पण त्याला चालताना ती पहिल्यांदाच बघत होती.

तो लांबून आला. डावा खांदा मध्येच उचलला जायचा, पिशवीचा पट्टा घसरतोय म्हणून सावरावा तसा. बोटं हवेत पेटी वाजवल्यासारखी हलत होती. पाऊल टाकताना गुडघा अचानक खचायचा आणि तो सावरायचा. एकदा उजवा हात झटक्याने वर उडाला, आणि उडालेला हात त्याने तसाच डोक्याकडे नेऊन केसांवरून फिरवला. जणू केस सारखे करायलाच उचलला होता.

लेखकाने नेमक्या याच जागेची स्तुती केली होती. ओशाळणारा राक्षस आपण आजवर पाहिला नव्हता, असं त्याने म्हटलं होतं.

शालिनीने तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. हा हात तिने पाहिला होता. कोणत्याही पुस्तकात नाही. याच घरात, याच टेबलाशी, गजाननचा.

गजानन म्हणजे तिचा नवरा. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. पस्तिशी उलटली आणि त्याच्या रेघा बिघडल्या. मग चाल बिघडली. कारखान्यात म्हणाले, हा पिऊन येतो. कॉलनीत म्हणाले, मास्तरणीचा नवरा पितो. तो म्हणायचा, मी घेत नाही. शालिनी तो झोपला की वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास कधी आला नाही, तेव्हा तिने ठरवलं की तो लपवण्यात हुशार झालाय. लपवत तर तो होताच. हात उडाला की केसांवर न्यायचा, पाय उडाला की चप्पल झटकल्यासारखं करायचा. नोकरी गेल्यावर वर्षभरात एका सकाळी तो स्कूटरसकट ट्रकखाली गेला. विक्रांत तेव्हा पहिलीत होता. पोलिसांनीही विचारलं होतं, बाई, पीते थे क्या?

डॉक्टरकडे त्याला कधी कुणी नेलंच नव्हतं. दारूसाठी कोण नेतं?

विक्रांत आणि त्याची बायको मिताली याच घरात वरच्या मजल्यावर राहत. मिताली मूळची नाशिकची, नोकरीसाठी इंदूरला आली आणि इथलीच झाली. तिला दिवस गेले होते. तिसरा महिना सरत आला होता. ती ऑफिसला गेल्यावर विक्रांत खाली चहाला आला, तेव्हा शालिनीने लेखाचं कौतुक केलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की ती चाल त्याला सुचली कुठून.

तो खूश झाला. म्हणाला की पोरगा हुशार आहे, पण सगळे अंदाज चुकले त्याचे. चाल प्रमोदिनीआत्याकडून आली. लहानपणी सुट्टीत जुनी इंदूरला आत्याकडे राहायला जायचो तेव्हा ती नानांच्या अंगात यायचं त्या गोष्टी सांगायची. नाना म्हणजे आजोबा, पंढरीनाथ, गजाननचे वडील. त्यांना विक्रांतने पाहिलं नव्हतं. शालिनीनेही लग्नानंतर थोडेच दिवस पाहिलं होतं, अंथरुणात.

“गोष्ट ऐकून एवढं नेमकं कसं जमतं रे?” तिने विचारलं.

“आई, तू पण ना. रायटर लोक असंच करतात. मन में एक आदमी चलता रहता है, त्याला कागदावर उतरवायचं.”

हे म्हणताना त्याने कप ठेवला तो बशीच्या काठावर. चहा सांडला. त्याने बाहीने टेबल पुसलं आणि म्हणाला, गेमने निचोडून टाकलंय मला. गेल्या काही महिन्यांत त्याच्या हातून बरंच काही सांडलं होतं. मिताली हसून म्हणायची, बाळाच्या आधी यांनाच स्टीलचा ग्लास आणू. एकदा त्याने एवढ्यातेवढ्यावरून दार आपटलं होतं आणि ती दिवसभर गप्प होती. शालिनीला वाटलं होतं, कामाचा ताण.

त्या दुपारी ती रिक्षाने जुनी इंदूरला गेली. प्रमोदिनी सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, अंगाने काटक. सुईत दोरा त्या अजून बिनचष्म्याच्या ओवत. शालिनीने त्यांचे हात पाहिले. हात स्थिर होते. मग तिने नानांबद्दल विचारलं.

प्रमोदिनींनी आनंदाने सांगितलं. नाना कोर्टात पेशकार होते, तोलून मापून बोलणारे. पन्नाशीजवळ आले आणि गुरुवारच्या आरतीत त्यांच्या अंगात यायला लागलं. पहिल्यांदा खांदे हलायचे, मग हात, मग ते डुलत डुलत अंगणभर फिरायचे. गल्लीतले लोक पाया पडायचे. बायका नारळ आणायच्या, मुलाच्या परीक्षेचं विचारायच्या. पुढे पुढे गुरुवारचाही नेम राहिला नाही. रोज यायला लागलं, दिवसभर. प्रमोदिनींच्या आईने घरात सोवळं कडक केलं. देव कायमचा मुक्कामाला आलाय म्हणायची.

“बोलायचे काय?” शालिनीने विचारलं.

“शेवटी शेवटी कळायचं नाही गं काही. देवाची भाषा आपल्याला कुठून कळणार?” प्रमोदिनी म्हणाल्या. “जेवण गिळता येईना त्यांना. हाडं राहिली नुसती. पण हलणं थांबलं नाही. झोपले की मात्र थांबायचं.”

झोपले की थांबायचं. शालिनीने हे शब्द मनात बाजूला ठेवले. गजाननचंही झोपेत थांबायचं.

तिने फोन काढून प्रमोदिनींसमोर धरला आणि हेलक्याचा व्हिडिओ लावला. विक्रांतने केलाय, एवढंच सांगितलं. प्रमोदिनींनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. हेलक्या रानातून येत होता, खांदा उडत होता, बोटं चालत होती. प्रमोदिनींनी फोन मांडीवर ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि पडद्याला हात जोडले.

“हे नाना,” त्या म्हणाल्या. “पोराने नानांना हुबेहूब आणलं. त्याच्यात आलंय बघ त्यांचं.”

परत येताना रिक्षात शालिनीला रस्ता दिसला नाही. जे समोर आलं होतं त्याला नाव होतं, आणि ते नाव ती दर वर्षी फळ्यावर लिहीत आली होती. हंटिंग्टनचा आजार. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, अनुवंशशास्त्राच्या तासाला, चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, काळं भरलेलं म्हणजे रोगी. एका जनुकात तीन अक्षरांचा तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा आलेला असतो. तिशी-चाळिशीत शरीर आपोआप हलू लागतं, स्वभाव बदलतो, मग बुद्धी जाते, मग गिळणं. इलाज नाही. आईला किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. बापाकडून आला तर पुढच्या पिढीत बहुधा आधीच सुरू होतो. हे वाक्य ती मुलांना खाली रेघ मारायला सांगायची. परीक्षेत येतं.

नानांना पन्नाशीजवळ. गजाननला पस्तिशीनंतर. विक्रांत तेहतीस वर्षांचा होता.

एकाच घरात तीन पुरुष एकसारखे हलले होते. पहिल्याला लोकांनी नारळ वाहिले, दुसऱ्याला नोकरीवरून काढलं, आणि तिसऱ्यावर लेख आला होता.

पण हा अजून अंदाजच होता, आणि अंदाजावर कुणाला सांगायची तिला सवय नव्हती. दुसरी शक्यता उरत होतीच. विक्रांत सहा वर्षांचा असेपर्यंत बाप त्याच्यासमोर चालला होता. मुलाला बापाची चाल नकळत आठवत असेल, आणि मोठेपणी त्याने ती वठवली असेल. नानांच्या गोष्टीत त्याने बाबांचा देह घातला असेल. तसं असेल तर हेलक्या ही आठवण ठरली असती, आणि आठवणीने कुणी मरत नाही. त्या शक्यतेला तिने दोन दिवस धरून ठेवलं. त्या दोन दिवसांत मितालीने तिला पोटाचा पहिला सोनोग्राफीचा फोटो दाखवला. राखाडी धुक्यात एक पांढरं शेंगदाण्याएवढं. शालिनीने चष्मा लावून बघितला आणि छान आहे म्हणाली.

दोन्ही शक्यता वेगळ्या करता येत होत्या. विक्रांतने हेलक्या वठवला असेल तर ती चाल फक्त हेलक्यात असायला हवी. दुसरीकडे कुठेही नको.

विक्रांत विजयनगरला एका मुलाखतीसाठी गेला त्या दिवशी ती पोलोग्राउंडला त्याच्या स्टुडिओत गेली. जुन्या कारखान्याची शेड घेऊन त्यांनी आतून रंगवली होती. शेजारी लेथ मशीन चालू असायची आणि तिचा आवाज भिंतीतून यायचा. तिथे ॲनिमेशन करणारा समीर तिला ओळखत होता. घरी अनेकदा जेवलेला मुलगा, राजवाड्याकडचा, सगळ्यांना ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणणारा. तुमचं काम कसं चालतं ते बघायचंय, असं म्हटल्यावर त्याने आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः स्टूल ओढलं.

त्याने काळा सूट दाखवला. अंगाला घट्ट, सांध्यांवर बटणाएवढे सेन्सर. तो घालून माणूस चालला की कॉम्प्युटरवर त्याचा रेघांचा सांगाडा चालतो, आणि त्या सांगाड्यावर मग प्राण्याचं कातडं चढवतात. बाहेरचे नट आणायला पैसे लागतात म्हणून सूट इथलेच लोक घालतात. बायकामुलं अनुष्का करते, ती डिझायनर. बाकी सगळं विक्रांत भिया, कारण उंची चांगली.

“हेलक्याही त्यानेच केला?”

“अरे काकूजी, उसकी तो कहानी है.” समीर रंगात आला. “कच्चा माल येतो ना, त्यात नॉइज असतो. मतलब सूटमुळे सांगाडा उगाच थरथरतो, हात उडतो. ते साफ करायचं काम माझं. मी हेलक्याचा टेक साफ करायला बसलो होतो, भिया मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनकडे बघून बोलले, कोण आहे रे हा? मी बोललो, तुम्हीच हो. तो बोले, रहने दे, याला असाच ठेव. बस. पब्लिक आज त्याच्यावर आर्टिकल लिहितेय.”

तो हसला. शालिनी हसली नाही. तिने विचारलं, गेममध्ये कुणी नुसतं उभं असतं का. समीर म्हणाला, असतं की. नाक्यावरचा शिपाई आहे, तो काहीच करत नाही. त्यासाठी सूट घालून पाच मिनिटं स्तब्ध उभं राहायचं असतं, बोअर काम. तो कोणी केला? भियानेच.

“त्याचा साफ न केलेला दाखव.”

समीरने शोधून लावला. पडद्यावर हिरव्या रेघांचा माणूस उभा राहिला, हात बाजूला. थोड्या वेळाने डाव्या हाताची बोटं हलू लागली, एक एक करत. खांदा उचलला गेला. मान किंचित वळली आणि परत आली. डावा पाय उगाच जागा बदलून पुन्हा तिथेच आला. हात झटकन वर गेला आणि रेघांच्या त्या माणसाने तो डोक्यावर, जिथे केस असतात तिथे, फिरवला.

“सूट पुराना है,” समीर म्हणाला. “दर वेळी हेच साफ करत बसतो मी.”

“याच सूटमधली अनुष्का दाखवतोस? उभी असलेली.”

अनुष्काने विहिरीकाठी उभ्या बाईसाठी सूट घातला होता. तोच सूट होता, त्याच आठवड्यातला. तोही कच्चा. तिच्या रेघा उभ्या होत्या. श्वासाबरोबर छाती हलत होती, एवढंच. समीर स्टुलावर पुढे सरकला.

शालिनीने शेवटचं मागितलं. विक्रांतचा जुना कुठला टेक आहे का, पहिल्या गेमच्या वेळचा? समीरला दुसऱ्या ड्राइव्हमध्ये शोधावं लागलं. सापडला तेव्हा त्याने न सांगता तो आधीच्या दोघांशेजारी लावला. चार वर्षांपूर्वीचा विक्रांत, तोच सूट नवा असताना, हात बाजूला, स्थिर उभा. भिंतीपलीकडे लेथ चालू होती. पडद्यावर तिघे उभे होते आणि त्यातला फक्त शिपाई हलत होता.

“काकूजी,” समीर म्हणाला, “ये सूट का नहीं है ना?”

“नाही.”

“मी साफ करत होतो.” त्याने माउसवरचा हात काढून घेतला. “सालभर झालं असेल. दर टेकला. मला वाटलं...”

तुझं काहीही चुकलेलं नाही, तिने त्याला सांगितलं, आणि मी बोलेपर्यंत विक्रांतला काही सांगू नको असंही. त्याने मान हलवली. तिला रिक्षापर्यंत सोडायला आला आणि नमस्कार केला.

रविवारी दुपारी मिताली मैत्रिणीबरोबर छावणी बाजारात कपडे घ्यायला गेली, तेव्हा शालिनी वर गेली. विक्रांत गादीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. तिने त्याच्यासमोर खुर्ची ठेवली आणि क्रमाने सांगितलं: नाना, बाबा, शिपायाचा टेक, अनुष्काचा टेक, त्याचा स्वतःचा जुना टेक. नाव सांगितलं. निम्मी शक्यता म्हणजे काय ते सांगितलं. रक्ताच्या तपासणीशिवाय काहीच नक्की म्हणता येत नाही, हेही सांगितलं. शिकवताना ती जशी बोलायची तशीच बोलली. दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला हे जमलं नसतं.

विक्रांतने आधी थट्टा केली. मग तो वाद घालू लागला. हेलक्याची चाल त्याने लिहिलेली आहे, सीनच्या वर्णनात शब्द आहेत, दाखवतो. त्याने फाइल उघडली. ‘हेलकावे खात येतो’ एवढंच तिथे होतं. शिपायाच्या टेकला तो कंटाळला होता. जुना टेक घेताना तो तरुण होता. लोक अंगात आल्याच्या गोष्टी ऐकतात आणि मग त्यांना सगळीकडे तसंच दिसतं. तूही त्या पुण्याच्या पोरासारखं करतेयस, आई, जे हवं ते शोधून जोडतेयस. मग तो चिडला.

“बाबा पीत होते. तूच मला सांगितलंस. आता इतक्या वर्षांनी ते पीत नव्हते, आजारी होते, आणि मीही आजारी आहे? एक काम मी आयुष्यात ढंगाचं केलं. तेही माझं नाही म्हणतेस?”

ते काम त्याचं नव्हतं असं तिला म्हणायचं नव्हतं, पण जे म्हणायचं होतं ते याहून बरं नव्हतं. तिने उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली.

“धर.”

“काय?”

“नुसती धर. सारखा जोर ठेव, कमी नको, जास्त नको. मी सांगेपर्यंत.”

त्याने वैतागून तिची बोटं मुठीत धरली. पकड घट्ट होती. मग ती सैल झाली, पुन्हा आवळली, पुन्हा सैल झाली. गाय दोहताना आचळावर हात चालतो तशी. ती खाली बघत नव्हती, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर अजून राग होता.

“धरलंय की,” तो म्हणाला.

“हो.”

मूठ आवळली, सैल झाली. त्याने खाली पाहिलं. दुसरा हात आणून त्याने आपलं मनगट धरलं. आवळली, सैल झाली.

“मी सोडत नाहीये, आई.”

“माहितेय मला.”

लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला. त्याने विचारलं की बाबांना शेवटी कळलं होतं का. ती म्हणाली, नाही. कुणालाच नाही. मग त्याने विचारलं, नानांसारखं होईपर्यंत किती वर्षं. ती म्हणाली, प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि आधी तपासणी. हे खरं होतं आणि त्यात काही दिलासा नव्हता, हे दोघांनाही कळलं.

खाली फाटक वाजलं. मितालीची स्कूटर आत आली. विक्रांतने आईची बोटं अजून सोडली नव्हती.

“तिला आत्ता नको सांगू,” तो भराभर म्हणाला. “रिपोर्ट येऊ दे. आधी नक्की होऊ दे ना. महिनाभर थांब. खूश आहे गं ती.”

शालिनीला तेच करावंसं वाटलं. एक महिना. या घरात गप्प राहून कितीतरी वर्षं निघाली होती.

“तपासणी दोघांची होते,” ती म्हणाली. “तुझी, आणि गरज पडली तर बाळाचीही. बाळाची करायची की नाही, आणि नंतर काय, हे तिला ठरवायचंय. त्याला मुदत आहे, विक्रांत. तुझा आजार महिनाभर वाट बघू शकतो. ती नाही बघू शकत.”

“आणि तिने नको म्हटलं तर? मला नको म्हटलं तर?”

“तर ती तसं म्हणेल.”

जिन्यावर पावलं वाजली, मध्ये थांबली. पिशव्या हातात असणार. मिताली दारातून आत आली ती बोलतच: छावणीत किती गर्दी, आणि दुकानदार तिला आधीच ‘मुन्ने की मम्मी’ म्हणायला लागला, आणि भूक लागलीय. मग तिने खुर्ची पाहिली, सासू पाहिली, नवऱ्याच्या मुठीत सासूची बोटं पाहिली.

“काय झालं?” तिने विचारलं. “आई, बरं नाहीये का तुम्हाला?”

शालिनीने विक्रांतकडे पाहिलं. त्याने नकळत केसांवरून हात फिरवला. तो काही बोलला नाही तर आपणच बोलायचं, असं तिने ठरवलं होतं, आणि पहिलं वाक्यही तिने जुळवून ठेवलं होतं. ती मनात एक ते दहा मोजू लागली.

तो उठला. उठताना थोडा झोकांडला, गादीच्या कडेला धरून उभा राहिला. मितालीच्या हातातल्या पिशव्या त्याने घेतल्या आणि खाली ठेवल्या.

“बस,” तो तिला म्हणाला. “आई काहीतरी सांगतेय. आणि मला वाटतं, ते खरं आहे.”

शालिनी खुर्चीवरून उठली आणि मिताली तिथे बसली.